शिलाई मशीन

आईने मिरजेला पत्र लिहिलं : शिलाई मशीन घेतलंय,
अकरा हप्ते, पंधरा-पंधरा रियाल.
खोटं बोलायची सवय नव्हती तिला, म्हणून
रंग आणि वजनही कळवलं. काळं. साडेचार किलो.
आजीने उलट टपाली विचारलं,
एवढं हलकं कसं गं?

ती होती रायफल. बर्मिंगहॅमची, आईच्याच वयाची.
अक्रोडाच्या दस्त्यावर एक गुळगुळीत जागा,
सोहारच्या दवाखान्यातून मायदेशी परतलेल्या
एका आयरिश भूलतज्ज्ञाच्या दाढीने घासलेली.
तिथे तिने गाल टेकला
आणि म्हणे पहिल्या दिवशी हसूच आवरेना.

शुक्रवारी पहाटे, रात्रपाळी उरकून,
पांढरे बूटही न बदलता ती रेंजवर यायची.
मागे मी, थर्मास आणि खजुराचा डबा सांभाळत.
खलफान फाटक उघडायचा, "सबाह अल-खैर, सिस्टर,"
आणि लाल निशाण वर चढवायचा.
चटईवर पालथी झाली की आई
आमची कुणाचीच नसायची.
आठवडाभर दुसऱ्यांच्या नाड्या मोजणारी बाई
तासभर फक्त स्वतःची ऐकायची.
"दोन ठोक्यांच्या मध्ये एक खोली असते,
तिथे कुणी राहत नाही. तिथून चाप ओढायचा."

मलाही शिकवून पाहिलं तिने.
खालची तरफ ओढ, ठोकळा उतरू दे, गोळी सरकव,
आता माशी काळ्या वर्तुळात बसव.
माशी हलतेय, मी म्हणालो.
माशी कुठली, बाबा, तू हलतोयस.

आठनंतर वाळू उकळायला लागायची,
पन्नास मीटरवरचा कागद पाण्यात बुडाल्यासारखा डुचमळायचा.
मी डोळे चोळत घरी चल म्हणायचो,
तिला तेव्हाच खरी मजा यायची :
मृगजळ कुणीकडे वाहतंय ते बघ, वारा तिकडेच चाललाय.
त्याला विचारायचं. त्याच्यामागे जायचं नाही.
मग उशिरा, शेवटच्या बाकावर, आम्ही प्रार्थनेला,
तिच्या ओढणीला दारूचा म्हणजे बंदुकीच्या दारूचा वास,
आणि पाळक दरवेळी तिच्याकडे बघून थबकायचे.

आजी विचारतच राहिली, काही शिवलंस का?
शेवटी आईने पाकिटात घालून एक कागदी लक्ष्य पाठवलं.
पाच गोळ्या, एकच भोक, कडा किंचित काळवंडलेल्या.
खाली लिहिलं : हे बघ, काज केलंय.
आजीने ते बायबलात ठेवलं
आणि नाताळच्या फराळाला येईल त्याला सांगितलं,
आमची एस्तेर तिकडे काजं करते.

आई जाऊन सहा वर्षं झाली.
परवाना आता माझ्या नावावर. दरसाल नवा करताना
ठाण्यातला पोरगेला अंमलदार विचारतो, नेमबाज?
नाही, मी म्हणतो. मुलगा.
तो दोन्ही रकाने बघतो आणि शिक्का मारतो.
तिकडच्या नोकरीचा काही नेम नाही, मामा फोनवर म्हणतो.
खरंय. बंदराच्या गोदामातलं माझं काम संपलं
की महिन्याभरात मला निघावं लागेल.
ही इथेच राहील, क्लबच्या तीन नंबरच्या कपाटात,
सोबत घेता येत नाही.

तोवर शुक्रवारी येतो. नळीतून फडकं फिरवतो,
दस्त्याला जवसाचं तेल लावतो, पण ती जागा सोडून.
तिथे तेल लागलं तर कोण पुसलं जाईल कळत नाही,
डॉक्टर की आई.
क्वचित एखादी गोळी झाडतो.
खलफानच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू,
तो आवाजावरून सांगतो : डावीकडे, खाली.
बहुतेक बरोबर असतो.

आजीच्या सामानातून तो कागद माझ्याकडे आला,
रायफलच्या पेटीत झाकणाला चिकटवलाय.
कधी कुणी नसलं की
मी शर्टाचं दुसरं बटण त्यातून ओवून बघतो.
बसतं.
थोडं घट्ट, नव्या शर्टासारखं.